चुकांचा खिळा

सकाळी सव्वासहाला ताई दुकानाचे आतले दार उघडत असे आणि पुढचा पाऊण तास तिची कामे ठरलेल्या क्रमाने चालत. आधी दोन्ही शिलाई मशीनवरची कव्हरे काढून, चौघडी घालून फळीवर ठेवायची. मग प्रत्येक मशीनला तीन जागी तेलाचा एकेक थेंब, आणि ते मुरेपर्यंत चिंधीवर दहा-बारा रिकामे टाके. कापायच्या टेबलावरून ओले फडके, मग कोरडे. मोठी कात्री उजव्या आकड्याला, लोखंडी पट्टी डाव्या. खडूचे तुकडे बशीत, टाचण्या लोहचुंबकाच्या वाटीत. आदल्या दिवशी कापलेल्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या एकदा मोठ्याने वाचायच्या, कारण मनात वाचताना डोळे आपल्या सोयीचे वाचतात, असा तिचा अनुभव होता. सात वाजता मागच्या खोलीतून चहा येई. तो आणणारा तिचा धाकटा भाऊ. सात वाजून दहा मिनिटांनी तो कप विसळून पुन्हा आत जाई आणि अर्धा तास गिटार वाजवी.

त्या गुरुवारीही सगळे असेच झाले. फक्त सात वाजून दहा मिनिटांनी आतून काही ऐकू आले नाही. सलग चौथा दिवस.

दुकान कव्हरांचे होते. अंगात घालायचे काही इथे शिवले जात नसे. दवाखान्यातल्या खुर्च्या, छापखान्यातली यंत्रे, स्कूटर, टाइपरायटर, एकदा तर एका कॉलेजच्या गच्चीवरची दुर्बीण, असल्या निर्जीव गिऱ्हाइकांची मापे घेण्यात या बहीणभावांची हयात गेली होती. वडिलांनी दुकान सुरू केले तेव्हा दोन रीती घालून दिल्या होत्या आणि त्या दोघांनी इमानेइतबारे सांभाळल्या होत्या. पहिली अशी, की आपल्या घरात कोणतीही वस्तू उघडी राहता कामा नये. कव्हरे विकणाऱ्याच्या घरी धूळ दिसली तर गिऱ्हाइकाने काय समजायचे? त्यामुळे रेडिओला मखमलीचा अंगरखा होता, गजराच्या घड्याळाला अस्तर लावलेली टोपी होती, आणि बाजूच्या दाराच्या घंटीची डबी तर अशा जाड लोकरी कापडात गुंडाळलेली होती की बाहेरचा माणूस बटण दाबून दाबून शेवटी दारावर थापा मारी. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

दुसरी रीत खिळ्याची. कापायच्या टेबलासमोर, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीत एक लांब खिळा होता. कोणाच्या हातून तुकडा चुकीचा कापला गेला की तो लपवायचा नाही, फेकायचाही नाही. त्यावर खडूने कापणाऱ्याचे नाव लिहायचे आणि तो खिळ्याला टांगायचा. खडू झिजून नाव दिसेनासे झाले की तुकडा उतरवायचा. याला साधारण वर्ष लागे. वडील 'थोरली' आणि 'धाकटा' असे लिहीत, म्हणून पुढेही तेच राहिले. 'धाकटा' खिळ्यावर बाराही महिने नांदत असे. आत्ताही त्याचे चार तुकडे होते. 'थोरली' चाळीस वर्षांत दोनदा चढली होती, एकदा सतराव्या वर्षी आणि एकदा अंगात ताप असताना. आपल्याला या गोष्टीचा गर्व नाही असे ताई म्हणे, आणि ते महिन्यातून एकदा तरी म्हणे.

गिटार घरात आली तीन वर्षांपूर्वी. धाकट्याने पन्नासाव्या वाढदिवसाला ती स्वतःच स्वतःला घेतली, आणि तिच्याबरोबर आवाज मोठा करणारा एक छोटा अॅम्प्लिफायर, दुकानात होते त्यांतला सर्वांत स्वस्त. गिटार शिकवणाऱ्या सरांनीच तसे सुचवले होते. सर धाकट्याच्या निम्म्या वयाचे होते, त्याला काका म्हणत आणि त्याच्या खिशाची काळजी करत. अॅम्प्लिफायर म्हणजे पाव ठेवायच्या डब्याएवढी लाकडी पेटी होती. वर तीन बटणे, पाठ अर्धी उघडी, आणि पुढच्या बाजूला चौकटीवर ताणून बसवलेले काळे जाळीदार कापड. घरात तिला डबा म्हणू लागले.

आता, दुसऱ्या कोणाला त्या काळ्या कापडामागे स्पीकर दिसला असता. ताईला कापड दिसले. नाजूक, विरळ विणीचे, बोट लागले तर सैल पडेल आणि महिन्याभरात धूळ पिऊन करडे होईल असे. पाठ उघडी आहे म्हणजे आवाज पाठीमागून येत असणार, आणि पुढचे हे शोभेचे असणार, असा तिने सरळ हिशेब केला. धाकट्यालाही तो पटला, कारण तोही कापडाच्याच घरात वाढला होता. त्याच दुपारी माप घेतले गेले. गडद निळे जाड कापड, कडेला पांढरी गोठ, बटणांसाठी तीन काजे, पाठीला गुंडाळून वर बांधता येईल असा पडदा; आणि नाजूक बाजू म्हणून पुढे दोन पदरी फोम घालून, चौकडीची टीप मारून केलेला तुकडा. धाकट्याने पहिली तार छेडायच्या आत कव्हर चढले होते. महिन्यातून एकदा ते धुवायला निघे, पण तेव्हा ओल्या हातांची भीती म्हणून डबा बंद असे.

अशी तीन वर्षे गेली. धाकटा रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून वाजवी. आवाज जरा दबका येतो म्हणून त्याने आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले, मग धारदारपणाचेही. क्लास एका लाँड्रीच्या वर होता आणि तिथे सहा जण एकदम वाजवत, त्यामुळे त्या कल्लोळात आपले सूर कोणते हे त्याला कधी उमगले नाही. सर म्हणत, काका, छान चाललंय. पण सर सगळ्यांनाच तसे म्हणत. खरा आवाज घरातला, अशी त्याची समजूत होती.

येत्या शनिवारी दुपारी क्लासचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने एकट्याने तीन मिनिटे वाजवायचे. रविवारी धाकट्याने ताईला समोर बसवले, आपली तीन मिनिटे वाजवली आणि खरे काय ते सांग म्हणाला. ताईने खरे सांगितले. आवाज चिखलात रुतल्यासारखा येतो; बोटे तर हलताना दिसतात, मग सूर जातात कुठे? आणि लोकांसमोर बसण्याआधी माणसाने विचार करावा. ती काही दुष्टपणाने बोलली नव्हती. शिवण तपासताना बोलावे तसे बोलली होती. धाकट्याने मान हलवली, गिटार पिशवीत घातली, आणि सोमवारी जाऊन यादीतले आपले नाव काढायला सांगून आला. क्लासच्या फळ्यावर चिठ्ठीही लावली, की छोटा अॅम्प्लिफायर विकणे आहे, कव्हरासह. गिटारचे नंतर बघू, असे तो ताईला म्हणाला. सरांनी मात्र निरोप धाडला होता की यादी गुरुवारी दोन वाजता छापायला जाईल, तोवर काकांची ओळ मी रिकामी ठेवतो.

चार दिवस तो वेळेवर चहा आणत होता, व्यवस्थित कापत होता, एकही तुकडा चुकला नव्हता. हेच ताईला सहन होत नव्हते. कापताना गुणगुणणारा आणि म्हणून चुकणारा भाऊ तिच्या ओळखीचा होता. हा कोणी तरी भाड्याने आणलेला कारागीर वाटत होता.

गुरुवारी साडेसातला तो दातांच्या डॉक्टरांच्या नव्या खुर्चीचे माप घ्यायला निघून गेला, दुपारी एकपर्यंत येतो म्हणाला. आठच्या सुमारास बाजूच्या दारावर अशा थापा पडल्या की भिंतीवरची पट्टी हलली.

दारात पन्नाशीची एक ठेंगणी बाई उभी होती, डोक्यावर पिवळे हेल्मेट. केव्हाची घंटी दाबतेय, ती म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. ती बांधकामावर क्रेन चालवत असे. क्लासमध्ये संध्याकाळच्या तुकडीत होती आणि तिथे तिला क्रेनबाई म्हणत. फळ्यावरची चिठ्ठी वाचून आली होती. उंचावर एकटे बसून मोठ्याने बोलायची सवय झाल्याने तिचा आवाज खोलीत मावत नव्हता.

ताईने डबा आणि गिटार आणून टेबलावर ठेवली. भाऊ घरी नाही, असेच घेऊन जा, असे तिने म्हणून पाहिले. क्रेनबाई म्हणाली की वाजवून पाहिल्याशिवाय घेणार नाही. क्रेनसुद्धा ती आधी रिकामी फिरवून बघते. मग तिने डब्याकडे नीट पाहिले, कंबरेवर हात ठेवून एक फेरी मारली.

"ताई, याला थंडी वाजते का?"

ताईने जरा ताठ होऊन सांगितले की हे कव्हर आहे, दोन पदरी फोमचे, इंचाला आठ टाके, आणि असे काम आता गावात कोणी करत नाही.

"काम झकासच आहे. पण तोंडावर उशी दाबायची, आणि वर म्हणायचं हा पुटपुटतो."

"आवाज मागून येतो."

"मागून थोडासा येतो. तोंड इकडे आहे," क्रेनबाई म्हणाली, आणि चौकडीच्या टिपेवर, बरोबर मध्यभागी, तिने तीन टिचक्या मारल्या.

 ताईने खालची टिचबटणे एकामागून एक उघडली आणि कव्हर वर ओढून काढले. तीन वर्षांत ते काळे कापड जसेच्या तसे राहिले होते, एक कण धुळीचा नव्हता. हे तिने क्रेनबाईला दाखवलेसुद्धा. मग तिने वायर जोडली, बटण दाबले, आणि क्रेनबाईने सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला.

वरच्या तीन बटणांतली दोन शेवटपर्यंत फिरवलेली आहेत हे दोघींच्याही लक्षात नव्हते. डब्यातून जे बाहेर पडले त्याला आवाज म्हणणे कमीपणाचे ठरले असते. वाटीतल्या टाचण्या उड्या मारू लागल्या. आकड्यावरची कात्री किणकिणली. क्रेनबाईचे हेल्मेट टेबलावरून घरंगळून चिंध्यांच्या टोपलीत पडले. ताई मागे सरकली ती थेट मशीनच्या स्टुलावर जाऊन बसली, आणि तिथे बसून, छातीवर हात ठेवून, हसायला लागली. तिला हसू का येते आहे हे तिला कळेना. क्रेनबाईने घाईघाईने बटणे मागे फिरवली, पण तोवर तीही हसत होती, आणि दोघी एकमेकींकडे बघत की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

हसू जरा ओसरल्यावर क्रेनबाईने एकेक तार सावकाश वाजवली. सहा तारा, सहा वेगवेगळे आवाज. ताईने डोळे पुसले आणि कान दिला. रविवारी हेच सूर तिला एका गोळ्यासारखे ऐकू आले होते. आता प्रत्येकाला कड होती.

"खालच्या सुरांना दम नाही," क्रेनबाई पारखून म्हणाली. "बटण फिरवताना खरखरतो. पण बोलतो स्वच्छ."

ताईच्या मनात दुसरेच शब्द येत होते. रेशीम नव्हे, तलमही नव्हे. धुतलेले, कडक इस्तरीचे, साधे सुती कापड. जाडसर जागी किंचित विरलेले, पण अंगाला लागेल असे. स्वस्तातला माल होता, त्यात वादच नव्हता. पण स्वस्त माल आणि वाईट माल यांतला फरक ती आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावून सांगत आली होती.

मग तिने खिशातून कोटाचे एक मोठे बटण काढले, गिटार आपल्या मांडीवर मागून घेतली आणि बटणाने तारांवर एक फटकारा ओढला. आयुष्यात पहिल्यांदा. मग दुसरा. क्रेनबाईने डाव्या बाजूने बसून गिटारीच्या दांडीवरच्या पडद्यांवर बोटे दाबली, ताईने उजवीकडून बटण चालवले, आणि दोघींनी मिळून एका गिटारीवर असे काही वाजवले की समोरचा चष्मेवाला आपले दुकान उघडता उघडता थांबून बघू लागला. ताईने त्याला मानेनेच नमस्कार केला आणि वाजवणे थांबवले नाही.

एकदा कव्हर काढायला सुरुवात झाल्यावर ताईला थांबवेना. तिने रेडिओचा मखमली अंगरखा उतरवला. बातम्या देणारा जो गृहस्थ कायमचा सर्दी झालेला आहे असे दोघे बहीणभाऊ समजत होते, आणि ज्याची त्यांना मनापासून कीव येई, त्याचा आवाज घंटेसारखा खणखणीत निघाला. ताई पुन्हा स्टुलावर बसली. मग घड्याळाची टोपी काढली. ते टिकटिकत होते, हे नवीनच होते. मग घंटीच्या डबीवरचे लोकरी कापड काढून तिने क्रेनबाईला दारात पिटाळले, आणि क्रेनबाईने बटण दाबताच घंटी अशी कोकलली की ताईच्या हातातले कापड गळून पडले. क्रेनबाईने खात्रीसाठी आणखी चार वेळा दाबली.

जायची वेळ झाली तेव्हा क्रेनबाईने टोपलीतून हेल्मेट शोधले. क्रेन आपल्याशिवाय हलत नाही, पण मुकादमाची जीभ हलते, असे तिने सांगितले. डब्याचे काय, हे तिने विचारले नाही. ताईच्या तोंडाकडे तिने पाहिले होते.

"विकायचा की नाही, ते मी सांगणार नाही," ताई म्हणाली. "तो त्याचा आहे. पण त्याने एकदा ऐकेपर्यंत थांबा."

क्रेनबाई म्हणाली, थांबते, आणि उद्या परवा दुसरा घेतलाच तर त्याचे कव्हर इथेच शिवून घेईन, तोंड उघडे ठेवून. जाता जाता तिने घंटी पुन्हा एकदा वाजवली.

ताई एकटी राहिली. घड्याळ टिकटिकत होते. तिने निळे कव्हर उलटे करून मांडीवर घेतले. करायचे काय हे हातांना केव्हाच कळले होते. पुढचा तुकडा उसवून काढायचा, मोकळ्या जागेला गोठ मारायची, एक चौकोनी खिडकी ठेवायची. धाकट्याला काहीही सांगता आले असते. फोम कुजला होता म्हणून काढला. नवी तऱ्हा आहे, सध्या अशीच चालते. तो भोळा होता, त्याने मान हलवली असती.

पण मग त्याला काय वाटले असते? डबा सुधारला, एवढेच. रविवारी ताई जे बोलली ते त्याच्या बोटांना चिकटून राहिले असते, कारण ताईची पारख चुकत नाही हे त्या घरात तीस-चाळीस वर्षे ठरलेले होते. चूक कुठे होती हे त्याला कळल्याशिवाय ती बोटे निर्दोष सुटणार नव्हती. आणि चूक कुठे होती हे सांगायची या दुकानात एकच जागा होती.

तिने वर पाहिले. 'धाकटा' चार वेळा टांगलेला होता.

टाके उसवायचे छोटे पाते घेऊन ती बसली. इंचाला आठ टाके घातले होते तेव्हा तिला अभिमान वाटला होता. आता उसवताना प्रत्येकाशी झटावे लागले, आणि तिला पुन्हा हसू यायला लागले. अकरा वाजता तुकडा सुटला. साडेअकराला खिडकीला गोठ लागली, चारही कोपरे काटकोनात. कव्हर डब्यावर चढवून तिने तो मागच्या खोलीत जागेवर ठेवला, गिटार शेजारी, बटणे मध्यावर. मग तिने तो निळा, चौकडीच्या टिपेचा, दोन पदरी फोमचा तुकडा टेबलावर पसरला, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत 'थोरली' असे लिहिले. लिहिलेले जरा फिकट वाटले म्हणून त्यावरून पुन्हा एकदा खडू ओढला. तुकडा जाड होता, खिळ्यावर सहज जाईना. तो बोटांनी दाबून बसवावा लागला.

पाऊण वाजता धाकटा आला. दुकानात शिरल्यावर नजर आधी खिळ्याकडे जाणे हे त्या घरातल्या माणसाच्या हाडात भिनलेले होते. ताई मशीनवर पाठमोरी होती. तिने पाय थांबवला नाही, पण टाका कुठे पडतो आहे इकडे तिचे लक्ष नव्हते. मागे पावले खिळ्यापाशी येऊन थांबली.

"हे काय?"

"डब्याचा पुढचा तुकडा," ताई म्हणाली. "तीन वर्षं बसला होता तिथे. बसायला नको होता."

तो आत गेला. कळ दाबल्याचा आवाज आला, मग एकच तार, एकदाच. ताईने पायडलवरचा पाय उचलला. मग त्याची ती तीन मिनिटे सुरू झाली, आणि ती अर्ध्यावर तुटली, कारण आतला माणूस हसत होता. पुन्हा सुरू झाली. या वेळी शेवटपर्यंत गेली. मध्ये दोन ठिकाणी तो चुकला, आणि ताईला दोन्ही चुका स्वच्छ ऐकू आल्या. किती तरी वर्षांत तिने इतके छान काही ऐकले नव्हते.

दीड वाजता तो पाठीला गिटार लावून बाहेर आला. चष्मा कपाळावरच राहिला होता. सरांकडे जाऊन येतो, दोनच्या आत पोचायला हवं, एवढेच तो म्हणाला. ताईने बरं म्हटले आणि सुईत दोरा ओवत राहिली. तो टेबलापाशी क्षणभर थांबलेला तिला जाणवला, बशीत खडू वाजला, मग दार लागले.

ती उठून पाहायला गेली. निळ्या तुकड्यावर, 'थोरली'च्या खाली, त्याने तिरक्या अक्षरांत 'धाकटा' असे लिहिले होते.

त्याचा हात हलका होता. ते नाव महिनाभरही टिकले नसते. ताईने बशीतला खडू उचलला आणि त्याची तिन्ही अक्षरे एकेक करून नीट गडद केली.